बाटलीवरचें नांव

दारू हा विषय आपल्या घरांतून बहुधा दोनच प्रकारें निघतो, निंदेनें किंवा कुजबुजीनें. या दोहोंनाही माहिती फारशी लागत नाहीं. त्यामुळें ज्या घरांत चार पदवीधर आहेत, त्या घरांतही या वस्तूविषयीं व तिच्या कायद्याविषयीं अंधारच आढळतो. गेल्या महिन्यांत एका वृद्ध वाचकांचें पत्र आलें. त्यांचा पुतण्या, शिकलेला, नोकरीस लागलेला, मित्रांबरोबर गोव्यास गेला होता. परततांना त्यानें तेथील दुकानांतून रीतसर पैसे देऊन, पावती घेऊन, तीन बाटल्या आणल्या. महाराष्ट्राच्या हद्दींत गाडी शिरतांच तपासणी झाली, बाटल्या जप्त झाल्या आणि मुलावर गुन्हा दाखल झाला. पत्रलेखक विचारतात, “माल चोरीचा नव्हे, बनावटही नव्हे, पावती खिशांत होती. मग गुन्हा कसला? आणि घरांतल्या बायकामाणसांस हें सांगूं तरी कसें?”

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नाहीं. पहिल्याचें आहे, परंतु तें थोडें लांबचें आहे. मी स्वतः या वस्तूस शिवलेला नाहीं व या वयांत शिवण्याचा विचारही नाहीं. पण न शिवणें वेगळें आणि न जाणणें वेगळें. कायद्याच्या लेखीं मद्य ओळखलें जातें तें पेल्यांतील द्रवावरून थोडें आणि त्याच्या नांवावरून फार. तें नांव राज्याच्या सीमेबरोबर, घटकेबरोबर आणि कराबरोबर बदलतें.

हें कांहीं आजचें नाहीं. मनूनें सुरा तीन प्रकारची सांगितली आहे. गुळाची ती गौडी, पिठाची ती पैष्टी आणि मोहाच्या फुलांची किंवा मधाची ती माध्वी. तिन्ही सारख्याच त्याज्य, असा त्याचा निर्णय. पुढें पुलस्त्यानें अकरा मद्यें मोजलीं, त्यांत फणस, द्राक्ष, खजूर, ताड, ऊंस, नारळ असे सर्व आले, आणि सुरा ही बारावी व सर्वांत नीच ठरविली. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत यांची जी व्यवस्था लाविली ती पाहण्यासारखी आहे. पैष्टी तिन्ही वर्णांस निषिद्ध, गौडी व माध्वी ब्राह्मणास तेवढ्या निषिद्ध. म्हणजे पेला तोच, पण पिणारा बदलला कीं पाप बदलतें. स्मृतिकारांचा पहिला प्रश्न असा कीं, पिणारा कोण?

कौटिल्याचा प्रश्न निराळा. गाळणारा कोण, विकणारा कोण, आणि राजाचा भाग कोठें? त्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे, आणि आपल्या आजच्या उत्पादनशुल्क खात्याचें मूळ तेथें जवळजवळ जसेंच्या तसें सांपडतें. त्यानें मद्याचे सहा प्रकार दिले आहेत, मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु. पैकीं मेदक तांदुळाचा, प्रसन्ना पिठाची, मधु म्हणजे द्राक्षांचा. आसवाची कृति तर एखाद्या सुगरणीच्या वहींतली वाटावी इतकी नेमकी आहे: कवठ शंभर पल, फाणित म्हणजे आपली काकवी पांचशें पल, मध एक प्रस्थ. अरिष्टाच्या बाबतींत मात्र तो वैद्यांकडे बोट दाखवितो.

नियमही तितकेच नेमके आहेत. ओळखीच्या व चांगल्या चालीच्या माणसास थोडें मद्य बाहेर नेतां येई, इतरांनीं गुत्त्यांतच बसून प्यावें. गुत्त्यास अनेक खोल्या असाव्या, निरनिराळीं आसनें असावीं, फुलें, सुगंध व पाणी असावें. तेथें गुप्तहेर बसवावे, आणि कोणाचा खर्च त्याच्या मिळकतीस न शोभणारा आहे हें त्यांनीं टिपावें. गिऱ्हाईक झिंगून झोंपलें असतां त्याचा दागिना वा वस्त्र हरवलें, तर भरपाई विक्रेत्यानें करावी, वर तेवढाच दंडही द्यावा. हा शेवटचा नियम मला फार आवडला. ज्यानें बेशुद्ध केलें त्यानेंच राखण करावी, हा न्याय आजच्या कोणत्याही परवान्याच्या अटींत मला आढळलेला नाहीं. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कुटुंबवत्सल गृहस्थास घरच्या कार्यप्रसंगीं पांढरी सुरा, आणि औषधासाठीं अरिष्ट, घरीं तयार करण्याची मुभा होती. उत्सव, समाज व यात्रा या वेळीं चार दिवस ही सूट सर्वांसच मिळे. “औषधासाठीं” हा जो अपवाद तेथें आला, तो पुढें सव्वीस पावसाळी ढगांतून पाणी यावें तसा प्रत्येक कायद्यांतून गळत आलेला आहे. त्याकडे पुढें येतोंच.

आतां थोडें रसायन. तें थोडकेंच आहे. साखरेवर किण्व पडलें कीं साखरेचा मद्यार्क होतो व वायु निघून जातो. ताडी, बिअर, वाईन ही सर्व या आंबवण्याचीं अपत्यें. परंतु मद्यार्क शेंकडा चौदा-पंधराच्या आसपास पोहोंचला कीं बहुतेक किण्व आपल्याच कर्तृत्वांत बुडून मरतें. याहून तीव्र पाहिजे असेल तर आंबलेला रस तापवून त्याची वाफ धरावी लागते. तिला गाळणें म्हणतात. ब्रँडी, रम, व्हिस्की, फेणी आणि हातभट्टीची, सर्व या कुळांतल्या. तीव्रता मोजण्याचें इंग्रजी माप ‘प्रूफ’ हें आपल्या सरकारी हिशेबांत अजून टिकून आहे. बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेट घेते कीं नाहीं हें पाहण्याची जुनी रीत होती, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. दारू या एकाच शब्दानें आपण दोन्ही वस्तु ओळखतों, हा योगायोग येथें मोठा चांगला जुळतो. शंभर प्रूफ म्हणजे आकारमानानें शेंकडा ५७.१ मद्यार्क. आपल्याकडील व्हिस्की-रमच्या बाटल्यांवर ४२.८ हा जो विचित्र आंकडा दिसतो तो त्याचाच पाऊण भाग, म्हणजे पंचाहत्तर प्रूफ. ज्यांनीं हा आंकडा ठरविला ते इंग्रज गेले. इंग्लंडांतही आतां शेंकडेवारीनेंच मोजतात. आंकडा मात्र आपल्या बाटलीस चिकटून राहिला.

इंग्रजांनीं आबकारी हा शब्द फारसीमधून घेतला आणि मुंबई इलाख्यासाठीं १८७८ मध्यें आबकारी कायदा केला. त्याचा मुख्य हेतु मद्यपान थांबविणें हा नव्हता, वसूल गोळा करणें हा होता. घरोघरच्या भट्ट्या बंद पडल्या कीं कर एके ठिकाणीं घेतां येतो. ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत लोक मोहाचीं फुलें घरांत ठेवितात व त्यांची गुपचूप दारू गाळतात, म्हणून १८९२ मध्यें खास मोहाच्या फुलांचाच एक कायदा झाला. झाडावरून आपोआप गळून पडणारें फूल बाळगणें हाही गुन्हा होऊं शकतो, हें वनवासी लोकांस समजावून सांगणाऱ्या शिपायाची मला कीव येते. ज्या फुलांवर त्यांची उन्हाळ्यांतील भाकर अवलंबून, त्यांत सरकारला भट्टीच दिसली.

काँग्रेसचें मंत्रिमंडळ आल्यावर चित्र पालटलें. १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी सुरू झाली. युद्धकाळांत ती बारगळली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नांव बदलून, दुरुस्त्या होऊन, तोच आजही महाराष्ट्रांत चालू आहे. पुष्कळांस हें ठाऊक नसतें. आपल्या राज्यांत मद्य सर्रास विकलें जातें, परंतु मूळ कायदा विक्रीचा नाहीं, बंदीचा आहे. विक्री व सेवन ही त्या बंदीला पाडलेलीं भोंकें आहेत, आणि प्रत्येक भोंकाला परवाना नांवाचें झांकण आहे. १९६० मध्यें गुजरात वेगळें झालें तेव्हां त्यालाही हाच कायदा मिळाला. त्यानें बंदी राखली, आपण भोंकें वाढवीत गेलों. एकाच पोथीचे दोन पाठ!

या कायद्यांतील मद्याची व्याख्या समुद्रासारखी आहे. स्पिरिट, विकृत स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी, आणि मद्यार्क ज्यांत आहे असा प्रत्येक द्रव. मग नीरेचें काय? नीरा म्हणजे माडाचा किंवा ताडाचा न आंबलेला रस, आणि ताडी म्हणजे तोच रस आंबलेला, असा भेद कायद्यानें केला. पण रस मडक्यांत पडूं लागतो त्या क्षणापासून आंबूं लागतो. म्हणून मडक्यास आंतून चुना फांसतात, रस थंड ठेवितात आणि पहांटे उतरवितात. सूर्य वर आला कीं सकाळची निष्पाप नीरा दुपारीं कायद्याच्या कचाट्यांत सांपडते. व्याख्येंत घड्याळ घालणारा दुसरा कायदा माझ्या माहितींत नाहीं.

या समुद्रासारख्या व्याख्येस आव्हान मिळालें तें मुंबईंतच. बलसारा नांवाचे एक पारशी गृहस्थ न्यायालयांत गेले. व्हिस्की, ब्रँडी, वाईन व बिअर यांबरोबरच कोलन वॉटर, लव्हेंडर वॉटर आणि मद्यार्कयुक्त औषधें बाळगण्याचा व वापरण्याचा आपला हक्क त्यांनीं मागितला. मागणी थोडी विनोदी वाटते, पण प्रश्न गंभीर होता. सरकारला दारू बंद करण्याचा अधिकार आहे, म्हणून अत्तराची बाटली व खोकल्याचें औषधही बंद करतां येईल काय? २५ मे १९५१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला. व्याख्या व्यापक असण्यास हरकत नाहीं, कायदा मुख्यतः टिकतो. परंतु औषधें व प्रसाधनें यांचें बाळगणें व वापरणें बंद करणारीं कलमें तेवढ्यापुरतीं रद्द. त्यानंतर कायद्यांत दुरुस्ती झाली आणि जीं औषधें वा प्रसाधनें नशेसाठीं पिण्यास अयोग्य आहेत तीं बंदींतून वगळण्यांत आलीं. कौटिल्याचा तो जुना अपवाद असा पुन्हा दारांत येऊन उभा राहिला.

त्या दारांतूनच आपल्या कपाटांतील द्राक्षासव आंत आलें. बाळंतिणीस, आजारांतून उठलेल्यास, भूक मंदावलेल्या आजोबांस दोन चमचे द्राक्षासव देणाऱ्या गृहिणीस जर कोणीं सांगितलें कीं यांत मद्यार्क आहे, तर ती त्यास घराबाहेर काढील. परंतु बाटली उजेडांत धरून वाचावी. स्वयंनिर्मित मद्यार्क शेंकडा अमुक, असें तीवर छापलेलें असतें, आणि तो आंकडा बहुधा पांच ते दहा यांमध्यें असतो. म्हणजे सौम्य बिअरपेक्षां कमी नव्हे, कधीं अधिकच. शार्ङ्गधरानें न शिजविलेल्या औषधाचें तें आसव व काढ्याचें तें अरिष्ट, असा भेद सांगितला आहे. दोहोंतही गूळ किंवा साखर असते, धायटीचीं फुलें असतात, आणि त्या फुलांबरोबर आलेलें किण्व आपलें काम करीत असतें. तेव्हां हें ढोंग आहे काय? मला तसें वाटत नाहीं, आणि याचें कारण गणित आहे. शेंकडा आठ मद्यार्काचें आसव वीस मिलिलिटर घेतलें तर पोटांत १.६ मिलिलिटर मद्यार्क जातो. शेंकडा पांचच्या बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली संपविली तर ३२.५ जातो. अंतर वीसपट आहे. चमच्याची मर्यादा हेंच येथें औषधपण. चमचा सोडून पेला हातीं घेतला कीं नांव तेंच राहतें आणि वस्तु बदलते. दारूबंदी जेथें कडक असते तेथें आसवांचा खप अवाच्या सवा वाढतो असा अनुभव आहे, तो या चमच्याच्या विस्मरणामुळें. लहान मुलांस व यकृताच्या रोग्यास मात्र वैद्यास विचारल्यावांचून चमचाही देऊं नये.

परवान्याची गंमत याहून मोठी आहे. महाराष्ट्रांत मद्य विकत घेण्यास, जवळ ठेवण्यास व पिण्यास परवाना लागतो. एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजन्मही मिळतो. बिअर व वाईन यांस वयाचीं २१ वर्षें व इतर तीव्र मद्यांस २५ वर्षें पुरीं व्हावीं लागतात. हा परवाना कशासाठीं दिला जातो? आरोग्याच्या रक्षणासाठीं व संवर्धनासाठीं, असे त्याचे शब्द! उलट अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक बाटलीवर मद्यपान आरोग्यास अपायकारक आहे असा इशारा छापावा लागतो. एका हातांत आरोग्यासाठीं परवाना आणि दुसऱ्या हातांत अनारोग्याचा इशारा, असा मनुष्य आमच्या वेळीं प्रहसनांतच दिसला असता. वाहन चालविणाऱ्यास मात्र हा परवाना कांहीं कामाचा नाहीं, हें तरुणांनीं पक्कें लक्षांत ठेवावें. शंभर मिलिलिटर रक्तांत तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला कीं १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें गुन्हा झाला. २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊं शकतात.

देशी आणि विदेशी हा भेद सर्वांस ठाऊक आहे, असें वाटतें. देशी ती मजुरांची, विदेशी ती साहेबांची. परंतु सरकारी भाषेंत एक विलक्षण पद आहे, ‘भारतीय बनावटीचें विदेशी मद्य’. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसास हें पद पाहून वंध्यापुत्राची आठवण येते. या मद्याचा मोठा भाग साखर कारखान्यांतील मळीपासून काढलेल्या स्पिरिटाचा असतो, आणि देशी दारूही मुख्यतः त्याच मळीची. एका आईचीं दोन लेंकरें. एकास रंग, वास व इंग्रजी नांव देऊन शहरांत पाठविलें, दुसऱ्यास तसेंच गांवीं ठेविलें. स्कॉटलंडमध्यें व्हिस्की म्हणवून घ्यावयाचें तर धान्यापासून केलेली, ओकच्या पिंपांत निदान तीन वर्षें तेथेंच मुरलेली व शेंकडा चाळीसहून कमी नसलेली असावी लागते. मळीच्या स्पिरिटास युरोपांत व्हिस्की हें नांव लावतां येत नाहीं. आपल्याकडे तें लागतें, कारण आपल्याकडे नांवाचें काम कर ठरविणें हें आहे. जून २०२५ मध्यें महाराष्ट्र मंत्रिमंडळानें भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीऐवजीं साडेचारपट करण्याचें ठरविलें, आणि त्याच वेळीं धान्याच्या मद्याचा एक नवाच वर्ग काढला, ‘महाराष्ट्र मेड लिकर’. १८० मिलिलिटरच्या बाटलीस किमान किंमत देशीची ८० रुपये, या नव्या वर्गाची १४८ आणि विदेशी म्हणविणारीची २०५. पिणाऱ्याचें यकृत या तिघींत कांहीं भेद करीत नाहीं. मद्य वस्तु व सेवा कराच्या बाहेर ठेविलें आहे, त्यामुळें राज्यांच्या तिजोरीस स्वतःच्या हातचें असें हें एक मोठें उत्पन्न उरलें आहे. म्हणून प्रत्येक राज्य आपापलीं नांवें व आपापले दर जिवापाड जपतें.

येथें त्या पुतण्याच्या बाटल्यांचें उत्तर येतें. मद्य हा विषय संविधानानें राज्यांकडे सोपविला आहे. गोव्याचा उत्पादनशुल्क कायदा १९६४ चा; त्याची वृत्ति मुळांतच वेगळी, तेथें मद्य विकणें हा नियम व निर्बंध हा अपवाद. तेथील पावती सांगते कीं गोव्याचा कर भरला. ती बाटली सीमा ओलांडून आपल्याकडे आली कीं ती बंदीच्या कायद्याखालीं येते. तिच्यावर महाराष्ट्राचा कर नाहीं, तिच्या आयातीस येथील परवानगी नाहीं. म्हणून सीलबंद व अस्सल असूनही ती निषिद्ध माल ठरते. वाहतुकीचा गुन्हा हा कैदेस पात्र आहे आणि वाहनही जप्त होऊं शकतें. एका राज्याची पावती दुसऱ्या राज्यांत परवाना होत नाहीं, एवढेंच त्या मुलास कोणीं आधीं सांगावयास हवें होतें. आणि ज्या घरांत हा विषयच निघत नाहीं त्या घरांत तें कोण सांगणार?

गोव्याचाच विषय निघाला आहे म्हणून फेणीविषयीं दोन शब्द. काजूच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर एकदां गाळला कीं हुर्राक, आणि पुन्हा गाळला कीं फेणी. माडाचीही फेणी असते. शतकानुशतकें कुळागरांतून चालत आलेला हा धंदा, पण कायद्यानें तिला देशी दारूच्या रकान्यांत घातलें, आणि त्या नांवामुळें इतर राज्यांतील बाजार तिला बंद झाला. २००९ मध्यें काजूच्या फेणीस भौगोलिक मानांकन मिळालें, आणि २०१६ मध्यें गोवा सरकारनें कायदा दुरुस्त करून तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. भट्टी तीच, भांडें तेंच. रकाना बदलला आणि कालची गांवठी आज प्रतिष्ठित झाली. उलट आपल्याकडे वर्धा जिल्हा बंदीखालीं आहे, आणि गडचिरोलीही १९९३ पासून बंदीखालीं आहे. चंद्रपूरांत २०१५ मध्यें बंदी आली व २०२१ मध्यें उठली. म्हणजे एकाच राज्यांत नदीच्या अलीकडे जो दुकानदार, तो पलीकडे गुन्हेगार. बंदी चांगली कीं वाईट या वादांत मी आज शिरत नाहीं. गडचिरोलींतील बायकांनीं ती मागून घेतली होती, आणि ज्यांच्या घरांत रात्रीं मार बसतो त्यांच्या मागणीस पुस्तकी उत्तर देणें मला जमणार नाहीं.

नांवांच्या या खेळांत एक नांव मात्र प्राणघातक आहे. पेयांतील मद्यार्क तो एथिल. त्याचा एक भाऊ मेथिल, ज्यास मेथॅनॉल म्हणतात. रंग, चालीनें पाहतां वासही, जवळजवळ तोच. तो रंग, सरस, रसायनें यांच्या कारखान्यांत लागतो, स्वस्त असतो, आणि त्याच्यावर पेयाचा कर नसतो. जून २०१५ मध्यें मुंबईंत मालवणी येथें गांवठी दारूंत हा मिसळला गेला आणि शंभराहून अधिक माणसें मेलीं. बहुतेक हातावर पोट असलेलीं. त्यांनीं मागितली होती दारू. पिंपांत होतें तें कारखान्याचें द्रव्य.

या पिंपावर हुकमत कोणाची, राज्याची कीं केंद्राची, हा वाद पुष्कळ वर्षें चालला. १९८९ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं ठरविलें होतें कीं संविधानांतील ‘मादक मद्य’ म्हणजे पिण्याजोगें मद्य, औद्योगिक मद्यार्क त्यांत येत नाहीं. २३ ऑक्टोबर २०२४ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं, आठ विरुद्ध एक, तो निर्णय फिरविला. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या मतें ज्या द्रवाचा पेय म्हणून दुरुपयोग होऊं शकतो त्यावरही राज्यास नियमन करतां आलें पाहिजे. न्यायमूर्ति नागरत्ना यांचें मत भिन्न पडलें. जें पिण्यासाठीं नाहीं त्यास मादक मद्य म्हणणें त्यांस मान्य नव्हतें. शब्दशास्त्राच्या दृष्टीनें मला त्यांचा पक्ष सरळ वाटतो. परंतु मालवणीच्या त्या आठवड्याचीं वर्तमानपत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत, त्यांना बहुमताचा कल समजण्यास अडचण पडूं नये.

आपल्या घरीं काम करणाऱ्या बाईंचे यजमान, इमारतीचा पहारेकरी, माळी, यांपैकीं कोणी स्वस्तांत मिळालेली प्यालेला असतो, हें आपणांस ठाऊक असतें व आपण तिकडे काणाडोळा करितों. मेथॅनॉल पोटांत गेलें तर प्रथम साधीच नशा दिसते. कित्येक तासांनीं, बहुधा दुसऱ्या दिवशीं, ओकाऱ्या, पोटदुखी, धाप सुरू होते आणि डोळ्यांपुढें धुकें किंवा बर्फ पसरल्यासारखें दिसूं लागतें. शरीर त्या द्रव्याचें फॉर्मिक आम्ल करतें व तें प्रथम डोळ्यांच्या नाडीवर बसतें. अशा वेळीं “उतरेल आपोआप” म्हणून त्यास निजूं देऊं नये, ताक-लिंबू पाजीत बसूं नये, घरगुती उपायांत घटका घालवूं नये. तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें, काय प्याला व केव्हां प्याला हें लाज न धरतां डॉक्टरांस सांगावें, आणि त्याच्याबरोबर आणखी कोण कोण बसले होते तें विचारून त्यांनाही शोधून आणावें, मग त्यांना अजून कांहीं होत नसलें तरी.